मुंब्रा: दारं बंद केली की विषय संपला?

आठ-बावन्न फास्ट:
मुंब्र्याच्या लोकल अपघातावरून रेल्वेच्या दोन इंजिनियरांवर गुन्हा दाखल झाला, त्याबद्दल काल इथे चर्चा चालू होती. त्यात 'निवृत्त पी-वे' (पी-वे म्हणजे रेल्वेचा रुळांचा विभाग) यांनी लिहिलं, "दारात लटकणाऱ्यांनी मरण हाताने ओढवून घेतलं. इंजिनियरांना कशाला गोवता? दारं बंद करा, विषय संपला." रात्री झोप लागली नाही. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

९ जून २०२५ ला मी मागच्या गाडीत होतो. दिव्याच्या अलीकडे गाडी उभी राहिली. आधी नेहमीची चिडचिड, मग डब्यात एकेकाचे फोन वाजायला लागले. सगळे घरचे. सगळ्यांचा एकच प्रश्न, तू कुठल्या गाडीत आहेस? कसाऱ्याहून सीएसएमटीला जाणारी आणि सीएसएमटीहून कर्जतला जाणारी अशा दोन लोकल वळणावर शेजारून गेल्या, दारांतली माणसं आणि पाठीवरच्या सॅका एकमेकांना घासल्या. तेरा जण पडले. चौघं त्याच दिवशी गेली. त्यात एक रेल्वे पोलिसांचा कॉन्स्टेबल होता. त्याला काय नियम माहीत नव्हते? तोही दारातच होता, कारण आत जागा नव्हती.

बदलापूरहून बावीस वर्षं येतोय. दारात कोण असतं ते मला सांगू नका. स्टंट करणारी पोरं असतात, नाही म्हणत नाही, पण ती दुपारच्या रिकाम्या गाडीत. सकाळी आठ ते दहा दारात असतो तो ठाण्याला उतरणारा. तो एकदा आत ओढला गेला की ठाण्याला उतरूच शकत नाही, थेट घाटकोपर नाहीतर कुर्ला. लेट मार्क, अर्धा दिवस कापला जातो. दुसरा असतो तो डोंबिवलीला शेवटी चढलेला. त्याचा एक पाय फळीवर, हात दांड्याला, आणि आत सरकायला वीतभर जागा नाही. हा माणूस मरण ओढवून घेतोय का?

आणि वळणाचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. तेव्हापासून फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात नाहीत, मुंब्र्यावरून जातात. बोगदा मेल-एक्स्प्रेसला दिला. पहिल्या आठवड्यापासून त्या वळणावर झटका बसतो, दारातले सगळे आपोआप मुठी आवळतात. हे आम्हाला कळत होतं, ज्यांचं काम आहे त्यांना कळत नव्हतं?

निवृत्त पी-वे:
वाक्य कठोर होतं, मान्य. चुकीचं नव्हतं. रेल्वे कायद्याचं कलम १५६ वाचा. ताकीद दिल्यावरही छपरावर, पायरीवर, इंजिनावर प्रवास करणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम मी लिहिलेलं नाही.

तेहतीस वर्षं रुळावर काढली. गँगमनपासून सेक्शनच्या साहेबापर्यंत सगळ्यांबरोबर चाललोय. तुमचं 'झटका बसतो' वाचलं. गाडीच्या आत बसलेल्याला झटका कमी लागतो आणि पायरीवर एका पायावर असलेल्याला जास्त, एवढं तरी लक्षात घ्या.

माझा खरा मुद्दा गुन्ह्याचा आहे आणि तो तुम्ही सोडून दिलात. ओडिशातलं बाहानगा आठवा. २ जून २०२३. कोरोमंडल एक्स्प्रेस हिरव्या सिग्नलवर ताशी १२८ च्या वेगाने बाजूच्या लूप लाइनला शिरली, उभ्या मालगाडीवर आदळली. २९० च्या वर माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात काय निघालं? फाटकाच्या लोकेशन बॉक्समध्ये, म्हणजे सिग्नलच्या तारांच्या पेटीत, तारांची लेबलं चुकीची, आणि ती वर्षानुवर्षं तशीच. त्याच्या एक वर्ष आधी, मे २०२२ मध्ये, त्याच खरगपूर विभागात बांकरा नयाबाजला चुकीच्या वायरिंगचाच प्रकार झाला होता. तिथे कोणी मेलं नाही म्हणून त्यातून कोणी काही शिकलं नाही. अपघात टळतो तेव्हाच खरी माहिती मिळत असते. ती माणसं सांगतात, कागदं नाही. आता पोलीस दोन इंजिनियरांवर गुन्हा दाखल करतात. उद्या माझ्या जागी असलेला पोरगा वहीत 'इथे रूळ दबतोय' असं लिहील? लिहिलं की तोच पुरावा. तो गप्प बसेल. मग पुढचा मुंब्रा कोण थांबवणार?

आठ-बावन्न फास्ट:
आणि गुन्हा दाखल झाला म्हणून ६ नोव्हेंबरला ऐन संध्याकाळी रेल्वे कर्मचाऱ्यांनी सीएसएमटीला गाड्या रोखल्या त्याचं काय? लोक कंटाळून रुळावर उतरले, सँडहर्स्ट रोडजवळ लोकलखाली आले, दोन जीव गेले. त्यांची कोणती चूक होती? तेही कलमात बसवा.

निवृत्त पी-वे:
त्या आंदोलनाचं समर्थन मी केलेलं नाही, करणारही नाही. संध्याकाळी पावणेसहाला गाड्या थांबवणं हे आमच्या लोकांनी केलेलं पाप आहे. पण रुळावरून चालू नका हे मी तरीही सांगणार.

तिसरा डबा:
मी डोंबिवली, महिला डबा, सतरा वर्षं. दोघांनीही बायकांचा डबा गृहीतच धरलेला नाही. आमच्या दारात स्टंट करणारी पोरं नसतात, तरी आमच्याही बायका लटकतात. मग आता बोला.

दारं बंद करा म्हणणाऱ्यांसाठी. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाड्यांच्या जागी एसी गाड्या आणल्या तेव्हा कळवा आणि बदलापूरला लोक उतरले, नव्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. ते काय थंड हवेच्या विरोधात होते? एसीचं भाडं परवडत नाही, आणि त्या वेळेची साधी गाडी गेली की तिचे प्रवासी पुढच्या साध्या गाडीच्या दारात येतात. एका गाडीची दारं बंद केली की दुसरीच्या दारात तितकी माणसं वाढतात. मुंब्र्यानंतर रेल्वेने ठरवलं की साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारं, दारांना झडपा, छपरावरून हवा, डब्यांना आतून जोड. डब्यांना आतून जोड हे मला पटतं, गर्दी पसरेल. पण मी एप्रिलमध्ये उघड्या दाराच्या डब्यात दोन बायका चक्कर येऊन पडलेल्या पाहिल्यात, पडायलाही जागा नव्हती, उभ्या उभ्या मान टाकली. झडपांतून किती हवा येणार ते आधी मे महिन्यात भरलेल्या गाडीत बसून बघा.

आणि खरं बोलायचं तर निम्मी लटकंती दार अडवणाऱ्या टोळ्यांमुळे आहे. त्यांना उतरायचं असतं दादरला आणि उभ्या असतात कल्याणपासून दारात. आत मधल्या पॅसेजमध्ये जागा असते, मी डोळ्यांनी बघते.

दिवा पूर्व:
ताई, लिहिलंत ते बरं केलंत. फक्त त्या टोळ्या कुठल्या तेही लिहा. तुमच्या डोंबिवलीच्या आणि त्याच्यापुढच्या. दिव्याला गाडी थांबते, दार उघडं असतं, आणि तरी ते आमच्यासाठी बंद असतं. "पुढच्याने ये" म्हणतात. पुढच्याने गेलो तर तेही तेच म्हणतात. दांड्यावरचा हात सोडवून खाली ढकललेले मी पाहिलेत. आमचा माणूस मग काय करतो? गाडी हलल्यावर पाय टेकायला जेवढं मिळेल तेवढं घेतो. मुंब्र्याचं वळण दिव्यानंतर लगेच आहे, हे एकानेही लिहिलेलं नाही. आमच्याकडून चढलेल्याला आत सरकायला दोन मिनिटंही मिळत नाहीत.

दिवा-सीएसएमटी लोकल कित्येक वर्षं मागतोय. २ जानेवारी २०१५ ला दिव्यात उद्रेक झाला तेव्हा सगळ्यांना दिवा कुठे आहे ते कळलं. दुसऱ्या दिवशी विसरले.

तिसरा डबा:
दिवा पूर्व, दगडफेकीचं उदाहरण अभिमानाने देऊ नका. आणि तुमच्याकडचेच लोक डोंबिवलीला उलटे येऊन बसून परत जातात. आम्ही डोंबिवलीला चढतो तेव्हा आमच्याच स्टेशनात सीटवर दिवेवाले. वीस रुपये जास्तीचा पास काढलात की झालं?

दिवा पूर्व:
उलटं येतो कारण सुलटं चढू देत नाही तुम्ही. आणि रिटर्न करण्याची सवय डोंबिवलीकरांनी लावली, कल्याणला जाऊन खिडकी धरायची. आम्ही केलं की पाप. अभिमान कोणी सांगितला? माझा तो दिवस हॉस्पिटलच्या बाहेर गेला, मावशीला न्यायला रिक्षा मिळेना. मला शिकवू नका.

आठ-बावन्न फास्ट:
अहो, मूळ मुद्दा काय आणि आपण

दिवा पूर्व:
तुम्ही बदलापूरवाले बोलूच नका. तुमच्या गाडीत दिव्यापर्यंत येता येता हवा सुद्धा शिरत नाही, आणि ग्रुप करून पत्ते तुम्हीच मांडता.

आठ-बावन्न फास्ट:
मी पत्ते खेळत नाही. आमच्या डब्यातला ग्रुप दार अडवत नाही. उलट दोघा म्हाताऱ्यांना रोज जागा ठेवतात.

चाकरमानी:
दिव्याचा विषय निघालाच आहे तर. रत्नागिरीची पॅसेंजर दादरला जायची, ती आता दिव्यालाच संपते. गावाहून आलेली म्हातारी माणसं, डोक्यावर बोचकी, ती दिव्याला उतरून याच लोकलमध्ये चढतात. म्हणजे गर्दीत भर कुणी घातली? दादरपर्यंतचा मार्ग गाड्यांना मोकळा असतो, कोकणच्या पॅसेंजरलाच नसतो.

दुसरं. २२ जून २००३, वैभववाडी. दरड रुळावर, गाडी आदळली, पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीला मत्स्यगंधा एक्स्प्रेस पुलावरून घसरली. त्यानंतर काय झालं? कातळाला जाळ्या मारल्या, पावसाळी वेळापत्रक आलं, गाड्यांचा वेग उतरवला, रात्रंदिवस गस्तवाले कंदील घेऊन फिरायला लागले. आमची गाडी पावसात तास-दीड तास उशिरा पोचते आणि आम्ही कुरकुरत नाही. तेव्हा कोणी म्हटलं नाही की पावसाळ्यात कोकणात जाणाऱ्याने मरण ओढवून घेतलं. दरडीला दोष देऊन भागत नव्हतं म्हणून काम केलं. मुंबईत दोष द्यायला प्रवासी मिळतो, म्हणून काम होत नाही.

निवृत्त पी-वे:
चाकरमानी यांची दुसरी बाजू योग्य आहे. वेग उतरवणं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत लवकर होणारा उपाय. पण मुंबईत तीन-चार मिनिटांमागे गाडी आहे. एका वळणावर वेगाचं बंधन टाकलं की मागे कल्याणपर्यंत रांग लागते, मग फेऱ्या कमी, मग दारात माणसं जास्त. हे इतकं सोपं नाही हो.

मोटरमनची लेक:
तीन दिवस वाचतेय. लिहिणार नव्हते.

माझे बाबा सव्वीस वर्षं लोकल चालवत होते. मोटरमनला समोरच्या गाडीच्या दारातली माणसं दिसतात. वळणावर ती बाहेर झुकलेली दिसतात. तो हॉर्न देतो. त्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. भरलेली लोकल ब्रेक मारला की जागेवर उभी राहत नाही, आणि दोन गाड्या शेजारून जातात ते काही सेकंदांचं काम. कोणी खाली आलं तर गाडी थांबवायची, कळवायचं, आणि परवानगी मिळाली की तीच गाडी त्यानेच पुढे न्यायची. आत हजारो माणसं घड्याळाकडे बघत असतात. बाबा संध्याकाळी घरी आले की आम्ही त्यांच्या चपलांच्या आवाजावरून ओळखायचो आज काही झालंय का. निवृत्तीनंतर ते लोकलमध्ये कधी पुढच्या डब्यात बसले नाहीत, आणि बसले तर गाडीच्या दिशेला पाठ करून.

मुंबईच्या उपनगरी मार्गावर २०२३ मध्ये २,५९० माणसं गेली, २०२४ मध्ये २,४६८. सगळ्यांत जास्त रूळ ओलांडताना, त्याखालोखाल गाडीतून पडून. बाहानगा देशभर आठवतं. इथे दर दीडेक महिन्याने एक बाहानगा होतो, एकेकटा, म्हणून बातमी होत नाही. रेल्वे सुरक्षेवरच्या काकोडकर समितीने २०१२ लाच लिहून ठेवलं होतं की देशात रूळ ओलांडताना वर्षाला पंधरा हजार माणसं मरतात, त्यातली सहा हजार मुंबईत. तेव्हापासून आकडा खाली आलाय, कारण कुंपणं झाली, पूल झाले, सरकते जिने झाले. लोक सुधारले म्हणून नाही. आणि इथे डोंबिवली मोठी की दिवा मोठा यावर वीस प्रतिसाद. एकमेकांना ढकलणारे तुम्ही दोघंही त्याच गाडीत असता. पडणाऱ्याला बघणारा माणूस केबिनमध्ये असतो.

तिसरा डबा:
मोटरमनची लेक, ऐकलं. वीस रुपयांचं वाक्य मी मागे घेते. दार अडवण्याचं मागे घेत नाही.

दिवा पूर्व:
दार अडवण्याचं तुम्ही मागे घेऊ पण नका, ते खरंच आहे.

कोर्टाची पायरी:
पी-वे साहेब, कलम १५६ अर्धंच सांगितलंत. त्याच कायद्यात १२४-अ आहे. गाडीतून अपघाताने पडणं ही 'अनुचित घटना', आणि तिथे रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. भरपाई नाकारता येते ती आत्महत्या, स्वतःला मुद्दाम केलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशा, वेडसरपणा किंवा आजार या कारणांनीच. 'दारात उभा होता' हे त्या यादीत नाही. 'निष्काळजी होता' हेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. तरी प्रत्येक दाव्यात समोरून तेच उत्तर येतं: मृताच्या चुकीमुळे. मी ते वाक्य इतक्यांदा वाचलंय की काल तुमच्या प्रतिसादात बघून राग आला. मृत्यूची रक्कम २०१७ पासून आठ लाख आहे. ती मिळवायला बाईला तीन-तीन वर्षं हेलपाटे घालावे लागतात, कारण आधी तिला नवरा मूर्ख नव्हता हे पटवून द्यावं लागतं.

निवृत्त पी-वे:
१२४-अ मला माहीत आहे. ते भरपाईचं कलम आहे, सुरक्षेचं नाही.

पण काल रात्री मी एक हिशेब मांडला, तो इथे टाकतो, मग कोणाला काय म्हणायचं ते म्हणा. आमच्या मापांच्या वहीत शेजारच्या दोन मार्गांच्या मध्यरेषांतलं किमान अंतर जुन्या मार्गांना ४.२६५ मीटर, नव्या कामांना ५.३ मीटर. मुंबईची लोकल रुंदीला ३.६६ मीटर. जुन्या मापाने दोन गाड्यांच्या भिंतींत राहिले साठ सेंटीमीटर. वळणावर बाहेरचा रूळ उचललेला असतो, डबा कलतो, त्यासाठी वेगळी वाढ धरतात. तीही धरली. तेहतीस वर्षं मी हेच मोजलं. या सगळ्या हिशेबात डबा आहे. डब्याबाहेर लटकलेला माणूस नाही, त्याच्या पाठीवरची सॅक नाही. दोन्ही बाजूंनी एकेक फूट माणूस बाहेर धरला तर जुन्या मापात काही उरत नाही. माणूस बाहेर असतो हे आम्हाला रोज दिसत होतं, तरी मापात तो कधी घेतला नाही, कारण कायद्याने तो तिथे नसायला हवा.

एवढं मी मान्य करतो. 'ओढवून घेतलं' हा शब्द चुकला. गुन्ह्याबद्दलचं मत बदललेलं नाही. चौकशी सुरक्षा आयुक्तांनीच करावी, ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, आणि रूळ दबतोय असं लिहिणाऱ्याला अभय मिळावं.

आठ-बावन्न फास्ट:
हे काल लिहिलं असतंत तर मी धागाच काढला नसता.

लिहिणाऱ्याला अभय, चालेल. पण लिहिलेलं वाचून गप्प बसणाऱ्याला नको. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला तेवीस माणसं चेंगरून मेली, आणि मग लष्कराने पाच महिन्यांत नवा पूल उभा केला. पाच महिन्यांचं काम होतं ते. जिना अरुंद आहे हे तिथून रोज उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तेव्हा कोण गप्प बसलं होतं, हे कधीच विचारलं गेलं नाही.

निवृत्त पी-वे:
त्याच्याशी वाद नाही. वरच्यांपर्यंत पोचा, खालच्या पोराला धरू नका.

दिवा पूर्व:
कोर्टाची पायरी, एक विचारायचं होतं. इथेच विचारतो. माझा मेहुणा गेल्या डिसेंबरात गाडीतून पडून गेला. पास खिशात होता म्हणून बहीण सांगते, पण हॉस्पिटलमधून कपडे परत आले त्यात पाकीट नव्हतं. सगळे म्हणाले पास नाही तर काही मिळत नाही, म्हणून आम्ही काहीच केलं नाही.

कोर्टाची पायरी:
ज्यांनी सांगितलं त्यांनी चूक सांगितलं. पास सापडला नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही, २०१८ च्या निकालात हे आहे. बहिणीने प्रतिज्ञापत्र करायचं, रोज कुठून कुठे जायचा, पास कधी काढला होता, सोबत कोण असायचं. मोबाइलवरून किंवा कार्डावरून पैसे भरले असतील तर ती नोंद काढा. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, स्टेशनमास्तरांच्या मेमोची प्रत गोळा करा. आणि मुदत एक वर्षाची आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याच्यावर विसंबू नका. डिसेंबरची नेमकी तारीख सांगा.

दिवा पूर्व:
अकरा.